वनहक्काच्या दाव्याला शेजारगावची साक्ष: माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, जंगलात, धनगर गवळ्यांचा वाडा, म्हणजे वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखून राहिलेली माणसं, पण घराखालची जमीन वनखात्याच्या नावावर. जंगलात राहत आलेल्यांना जमिनीच्या हक्काचा कागद, म्हणजे पट्टा, देणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाकायचं ठरलं, तशी गावातली आणि वाड्यावरची आम्ही काही जणं एकत्र बसू लागलो. लिहायचं काम माझ्याकडं आलं.

कर्नाटकात गवळी धनगर अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. त्यामुळं १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. हिशेब थेट १९३० पर्यंत जातो. म्हशींमागं फिरणाऱ्या माणसाकडं तेव्हाचा कागद कुठून असणार? पण नियमांत वाट आहे. किमान दोन पुरावे लागतात. त्यात जुनी घरं, विहिरी, देवस्थानं यांच्या खुणा चालतात आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो.

म्हणजे साक्ष आमच्या गावानं द्यायची होती. आणि गावाचं मन साफ नव्हतं. भातात म्हशी शिरल्यावरून जुनी भांडणं होती. ‘त्यांना पट्टा मिळाला की आमच्या गुरांची चराई बंद,’ ही भीती तर घरोघरी. आम्ही देवळात बसून कायदा वाचून दाखवला: हा पट्टा विकता येत नाही, तो वारसांनाच जातो, चार हेक्टरांच्या वर कुणाला जमीन मिळत नाही. चराईसाठी गावालाही सामूहिक दावा टाकता येतो, हे बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

तरी पहिला जबाब द्यायला पुढं आल्या त्या नव्वदीच्या एक आजी. म्हणाल्या, ‘‘लिही बाळ. मी सून म्हणून आले तवा गवळणी लोणी घेऊन दारात यायच्या. माझ्या सासूनं त्यांच्या सासवा बघितलेल्या.’’ वाचून दाखवल्यावर ‘सासवा’ नीट लिहिलंय ना, हे त्यांनी परत विचारलं आणि मगच अंगठा उठवला. पाठोपाठ म्हातारे बोलते झाले. लोण्याच्या बदल्यात नाचणी कोण देई, खतासाठी कुणाच्या शेतात म्हशी बसत, सगळं निघालं. माझ्या मते अख्ख्या फाइलीत याहून भक्कम पुरावा नाही.

जबाब मराठीत घेतले, सोबत कन्नड भाषांतर जोडलं. ग्रामसभेच्या वनहक्क समितीबरोबर फिरून जुन्या गोठ्यांची जोती, झरा, देवाचा दगड नकाशावर घेतला. दावा आधी ग्रामसभेत मांडावा लागतो. तिथं निम्मी माणसं हजर लागतात, त्यात बायका एक तृतीयांश. भातलावणीच्या दिवसांत ती जमेनात, म्हणून सभा पुढं ढकलावी लागली.

फाइल आता ग्रामसभेच्या वरच्या, उपविभागीय समितीकडं आहे, निकाल यायचाय. दावा टाकणाऱ्यांनी तारखेची पोच घ्यावीच. नामंजूर झाला तर कारण लेखी मागावं. अपिलाला ६० दिवस असतात.

आमची बैठक मात्र चालू आहे. सध्या विषय पिकाच्या नुकसानीचा. म्हैस शेतात शिरली तर कोंडून घालायच्या आधी वाड्यावर निरोप धाडायचा, एवढं दोन्हीकडून ठरलंय. भरपाई कशी मोजायची, यावर अजून एकमत व्हायचंय.