थंडीच्या नावावर

हिवाळ्यात अलार्म वाजला की तो आपल्यासाठी वाजतोय असं मला वाटतच नाही, शेजारी कुणाचा तरी असेल असं समजून मी पांघरूण डोक्यावर ओढून घेते. झोप झालेली असते बरं का, चांगली आठ तास, तरी अंग जड, डोकं जड, आणि कुणी काय झालं म्हणून विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नाही. इतकी वर्षं हे सगळं मी थंडीच्या नावावर खपवलं. गारठा होता म्हणून उठवलं नाही, गारठ्यामुळे फोन करायचा राहिला, धुतलेल्या कपड्यांचा ढीगही गारठ्यामुळेच तसा.

मग कधीतरी लक्षात आलं की तेवढ्याच गारठ्यात लख्ख ऊन पडलं की मी कपाटं आवरायला काढते, आणि मळभ असलं की दिवसभर लोळत. म्हणजे भानगड उजेडाची.

आपल्या डोळ्यात बघायच्या पेशींशिवाय आणखी एक जात असते पेशींची, तिचं मुख्य काम बाहेर उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवत राहणं. अंधार असेपर्यंत ते घड्याळ मेलाटोनिन सुरू ठेवतं, म्हणजे अजून रात्र आहे अशी शरीराला वर्दी. उजाडायला उशीर झाला की आतली रात्रही लांबते आणि आपण अलार्म लावून स्वतःला तिच्यातून ओढून काढतो, मग चिडचिड नाही होणार तर काय! बरं, दिवा लावून भागेल म्हणावं तर घरातला उजेड असतो साधारण १०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), आणि बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारांत, कडक उन्हात तर लाखाच्या आसपास. नजर सरावते म्हणून खोली आपल्याला झक्क वाटते, पण त्या मोजणाऱ्या पेशी काही फसत नाहीत.

काहींना हे फार जड जातं. १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ऋतूबरोबर येणारं डिप्रेशन, असं नाव दिलं, शॉर्टमध्ये सॅड (हे मुद्दाम जुळवलेलं असणार, माझी खात्री आहे). गंमत म्हणजे एरवी डिप्रेशनमध्ये बऱ्याचदा झोप उडते, भूक मरते, इथे उलटं, झोप आवरत नाही आणि हात सारखा गोडाकडे. त्यावर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. माझं काही तिथवर गेलेलं नाही, गेलं तर दिव्याच्या आधी डॉक्टर गाठेन.

मला राग येतो तो २१-२२ डिसेंबरचा. सगळ्यात लहान दिवस संपला, आता दिवस मोठा होणार म्हणून मी खूश, आणि सूर्य आपला जानेवारीतही काही दिवस आणखी उशिरा उशिराच उगवतोय! कारण दिवस आधी वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने, माझी अडचण सगळी सकाळची.

हल्ली मी उजाडलं की पांघरुणासकटच बाहेर जाऊन उभी राहते, वीसेक मिनिटं, तोंड उजेडाकडे करून. येणारेजाणारे बघतात, म्हणतात हिला फारच थंडी वाजते वाटतं.