आमची वाटचाल : शुगर-थायरॉईडपासून फॅक्टरपर्यंत

सांगलीत लॅब टाकली तेव्हा शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉईड यांवरच आमचं घर चालायचं. आजही चालतं. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, म्हणजे रक्त थांबायला लागणारं रक्तातलं एक प्रथिन, मोजायला घेतला तो काही मिळकतीसाठी नव्हे. पाळीत अतोनात रक्त जाणाऱ्या मुली लोहाच्या गोळ्या खात राहायच्या. डॉक्टर तपासणीला मुंबईला जा म्हणायचे, पण भाडं, मुक्काम, बुडालेली मजुरी यांचा हिशेब केला की बऱ्याच जणी जायच्याच नाहीत.

हा फॅक्टर प्लेटलेटना जखमेच्या जागी चिकटवतो. तो कमी असला की रक्त लवकर थांबत नाही, पाळीतही जास्त जातं. सुरुवातीला आम्ही तो एलायझाने मोजायचो. प्लॅस्टिकच्या प्लेटमधल्या खाचेच्या तळाशी लावलेली अँटिबॉडी त्याला धरते, वरून एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी बसते, मग रंग येतो. रंग गडद तितका फॅक्टर जास्त. प्लेटला 96 खाचा. पेशंट एक असो की दहा, स्टँडर्ड आणि कंट्रोल (फॅक्टरचं प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने) दरवेळी लावावेच लागतात, म्हणजे एकटीसाठी प्लेट लावली तर किट अंगावर पडतं. म्हणून प्लाझ्मा (पेशी काढून उरलेला रक्ताचा पातळ भाग) गोठवून साठवायचा आणि पुरेसे सॅम्पल जमले की प्लेट लावायची. त्यासाठी डीप फ्रीजर आला, फ्रीजरसाठी कर्ज आलं. लॅबवाल्याला एवढा मोठा फ्रीजर कशाला, हे बँकेत पटवताना नाकी नऊ आले.

सॅम्पलचं दुखणं त्याहून मोठं. कलेक्शन सेंटरवाले सवयीने ट्यूब बर्फात घालून पाठवत. प्लाझ्मा वेगळा न करता रक्त गार केलं की हा फॅक्टर घटतो आणि धडधाकट मुलीच्या माथी आजार बसतो. निळ्या झाकणाची ट्यूब, खुणेपर्यंत भरलेली, बर्फाविना आणलेली असेल तरच आम्ही घेतो. एका सेंटरने यावरून काम बंद केलं. केलं तर केलं.

आता लेटेक्स पद्धतीचं मशीन आहे, त्यात अँटिबॉडी लावलेले बारीक कण फॅक्टरमुळे एकमेकांना चिकटतात आणि त्यावरून तो मोजला जातो. मशीन रिएजंट रेंटलवर, म्हणजे मशीन कंपनीचं, तपासणीची रसायनं त्यांच्याकडून घ्यायची. एकटा पेशंट आला तरी त्याच दिवशी रिपोर्ट निघतो. आकडा नॉर्मलच्या 30 टक्क्यांखाली असेल तर आजाराबद्दल शंका उरत नाही. 30 ते 50 मध्ये असला की मी स्वतः डॉक्टरांना फोन करते. ओ रक्तगटात तो मुळातच कमी असतो, ताप किंवा गरोदरपण असेल तर चढतो. शिवाय काहींच्यात फॅक्टर भरपूर असतो पण काम करत नाही. त्यासाठीची ॲक्टिव्हिटी तपासणी आम्ही अजून बाहेर पाठवतो, प्लाझ्मा गोठवून, कोरड्या बर्फात.