मी नकाशा उघडला, आप्पांनी पेपर

गेल्या डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी बेळगावला आले होते. चुलतबहिणीचं लग्न झालं, पाहुणे पांगले आणि वडगावच्या घरी सकाळच्या चहाला मी म्हटलं, सोमवारी वेंगुर्ल्याला जाऊन येऊया. पहाटे निघायचं, समुद्र बघायचा, रात्रीच्या जेवणाला घरी. मी फोनवर नकाशा उघडला. आप्पांनी पेपर उघडला.

"सोमवारी नको गे. अधिवेशन सुरू होतंय."

एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. आईनंही मान डोलावली, जणू पावसाचीच गोष्ट चालली होती. मी फोन हातात धरून बसून राहिले. सात वर्षं बाहेर काढल्यावर माणूस काय काय विसरतो याचा मी कधी हिशेब मांडला नव्हता, पण हे मी साफ विसरले होते. आमच्याकडे समुद्रावर जायचं ठरवताना आधी आभाळ बघत नाहीत, सीमा बघतात.

बेळगावकराला अधिवेशन म्हणजे काय ते सांगायला नको. २०१२ मध्ये हायवेच्या कडेला सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, उभी राहिली. डिसेंबर म्हटला की तिथं अधिवेशन, इकडं बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या मराठी माणसांचा मेळावा, मेळाव्याला बंदी, कोगनोळी नाक्यावर बंदोबस्त, महाराष्ट्रातून येणाऱ्या पुढाऱ्यांना हद्दीवर अडवणं. वेंगुर्ल्याचा आमचा रस्ता हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला महाराष्ट्रात शिरतो. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. मधे ना नदी ना डोंगर, नुसती शेतं. तरी काही बिनसलं की दोन्हीकडच्या एसट्या आधी थांबतात.

मी राहते ते फिलाडेल्फियाच्या पश्चिमेचं उपनगर, पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं. त्या राज्याला अटलांटिकचा किनारा नाही, जसा बेळगाव जिल्ह्याला अरबी समुद्राचा नाही. त्यामुळं तिकडंही समुद्र बघायचा तर राज्य ओलांडावं लागतं. दर उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीच्या टोकाला, केप मेला जातो. सकाळी जाऊन रात्री परत. आठवडाभर आधी फ्रीजवर कागद लागतो. भरती कधी, ऊन किती, गाडी कुठं लावायची. पहाटे निघालं तर दोन-सव्वादोन तासांत पोचतो. नऊ वाजवले तर शेवटच्या टप्प्यात रूट ४७ वर गाड्यांच्या रांगेत अडकायचं. त्या कागदावर राज्याचं नाव एकदाही येत नाही. डेलावेअर नदीवरचा कमोडोर बॅरी पूल चढताना कुठंतरी मधेच राज्य बदलतं आणि मागच्या सीटवरच्या माझ्या मुलाला पत्ताही नसतो. टोलसुद्धा जाताना नाही, फक्त परत पेन्सिल्व्हेनियात येताना.

त्या वाटेवर मला एकदाच राज्य बदलल्याची जाणीव झाली, पहिल्या वर्षी. पूल उतरून पेट्रोलसाठी थांबलो. मी सवयीनं दार उघडून खाली उतरले, तोच पंपावरचे एक म्हातारे गृहस्थ हातानं खूण करत आले, बसा, बसा आत. न्यू जर्सीत १९४९ पासून कायदा आहे, गिऱ्हाइकानं पेट्रोल स्वतः भरायचं नाही, पंपावरच्या माणसानंच भरायचं. अख्ख्या अमेरिकेत असं आता त्या एकाच राज्यात उरलंय. मी आत बसले, काच खाली केली आणि डोळ्यांना पाणी आलं. बेळगावात आप्पा अशीच काच खाली करतात आणि म्हणतात, "हजाराचं टाक गा." नवऱ्याला काही कळेना. त्याला सांगावं तर सांगण्यासारखं काय होतं त्यात?

तर वडगावात त्या सकाळी सोमवार बाद झाला. मग दुसरा प्रश्न. गाडी कुणाची न्यायची?

आप्पांची गाडी केए २२. लग्नाला कोल्हापूरहून आलेला माझा चुलतभाऊ, आमचा दादा, अजून घरीच होता. त्याची एमएच ०९. आई म्हणाली, महाराष्ट्रातच जायचं आहे तर दादाची बरी. दादा म्हणाला, ने की, पण परत येताना रात्री बेळगावात शिरायचं आहे, अधिवेशनाचे दिवस आहेत, एमएचवर कुणाचा डोळा गेला तर? मग केए न्यावी. पण केए घेऊन तिकडं काही झालं तर? २०२२ चा डिसेंबर सगळ्यांनाच आठवत होता. इकडं महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड, तिकडं कर्नाटकाच्या बसला काळं. काकूंनी सुचवलं, भाड्यानं टॅक्सी करा. त्यावर पिवळ्या पाटीचं परमिट, दुसऱ्या राज्याचा कर, ड्रायव्हर आदल्या दिवशी नाही म्हणाला तर काय, असं सगळं निघालं. पोह्यांच्या बशा वाळून गेल्या तरी पाटीवरचं बोलणं संपेना. एका दिवसाच्या सहलीत दोन तास आम्ही समुद्राबद्दल एक शब्द बोललो नाही.

शेवटी आप्पा म्हणाले, "लोकांना पाटीवर लिवलंय तेवढंच दिसतंय. आत कोण बसलंय ते दिसत न्हाई."

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. आप्पांनी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. १९५६ ला राज्यं झाली तेव्हा ते पाळण्यात होते. एवढी वर्षं ज्या राज्यात आपण जायला हवं होतं असं ते मानत आले, त्याच राज्यात जाताना आपल्या गाडीची पाटी आपल्याला परकं ठरवेल ही धास्ती त्यांनी मुकाट बाळगलीय. केप मेच्या पार्किंगमध्ये माझ्या पेन्सिल्व्हेनियाच्या गाडीच्या एका बाजूला डेलावेअरची पाटी असते, दुसऱ्या बाजूला थेट कॅनडातल्या क्वेबेकची. क्वेबेकवाले फ्रेंच बोलतात. कुणी वळून बघत नाही.

आता यावर कुणी म्हणेल, बघा, अमेरिकेत राहून आमची उणीदुणी काढते. तसं नाही. तिकडच्या समुद्राचं एक मला आजवर पटलेलं नाही. न्यू जर्सीच्या बहुतेक गावांत उन्हाळ्यात वाळूवर जायचं तर बिल्ला विकत घ्यावा लागतो. वाळूत बसायला पैसे! जीवरक्षकांचे पगार आणि वाळूची साफसफाई त्यातून होते म्हणतात आणि वाळू खरंच स्वच्छ असते, कबूल. तरी पहिल्या वर्षी बिल्ला तपासायला आलेल्या कोवळ्या पोरीसमोर मला फार अपमान वाटला होता. आमच्या वेंगुर्ल्याला समुद्र सगळ्यांचा आहे. तिथं आजवर कुणी मला विचारलं नाही की तू कोण आणि पैसे भरलेस का. पण खरं सांगायचं तर वेंगुर्ल्याला पोचायच्या आधी मात्र तू कोण हे आम्हीच स्वतःला दोन तास विचारत बसलो होतो.

आणि एक. फिलाडेल्फियाहून दिवसापुरतं येणाऱ्यांना किनाऱ्यावरचे लोक शूबी म्हणतात. पूर्वी लोक रेल्वेनं यायचे आणि जेवण बुटांच्या खोक्यात बांधून आणायचे, त्यावरून पडलेलं नाव, असं तिथले जुने लोक सांगतात. नाव ठेवण्याच्या सुरातच म्हणतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मीही तिथं चपात्या आणि शेंगाचटणीचा डबा नेते. समुद्रावर जाताना घरचं खाणं बांधून नेणारी माणसं मला कुठल्याही देशात आपलीच वाटतात.

त्या सकाळी दादा मला बोललाही. "तुला काय, तू सुटलीस." मी मराठी शाळेत शिकले. कन्नडही मन लावून शिकले, त्यात मार्कही चांगले पडले, शेजारच्या काकूंशी आजही मी कन्नडातच बोलते. मी भाषेवरून रुसून गेले नाही, नोकरीसाठी गेले, बेळगावातली निम्मी इंजिनियर पोरं जातात तशी. माझ्या वर्गातले काही पुण्याला गेले, काही बंगळूरला, आणि दोघांनाही घरी कुणी ना कुणी विचारलंच, तिकडंच का? मला ते कुणी विचारलं नाही. अमेरिका म्हटल्यावर दोन्ही बाजू गप्प बसतात. एवढ्यापुरतं दादाचं खरं आहे. पण मी पैसे पाठवते, वर्षाआड येते, आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं तेव्हा महिनाभर थांबले होते. सुटली म्हणणं बरोबर नाही, हे मी त्याला तेव्हा बोलले नाही, म्हणून इथं लिहिते.

रस्त्याचं ठरवायला मग वेळ लागला नाही. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्याला जाण्याचा एक विचार झाला, पण आप्पा म्हणाले, आधी दोन राज्यांचं निस्तरलं नाही, तिसरं कशाला मधे? रामनगर, अनमोडच्या वाटेनं ट्रक फार. राहिली आंबोली. आणि मला तीच हवी होती. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीला माल यायचा तो याच वाटेनं, आंबोली गावच मुळी त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून वसलं. बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. रस्ता आधीचा आहे, बाची आणि शिनोळीच्या मधली रेघ नंतरची.

दिवस गुरुवार ठरला, तोही कशावर? बाचीहून रोज भाजी घेऊन येणाऱ्या मावशींच्या शब्दावर. बुधवारी सकाळी आप्पांनी त्यांना दारातच गाठलं. "मावशी, वाटेत काय हाय काय वो?" "काय न्हाई मास्तर, सोमवारी गलका हुता. आता सगळं गप." मी फोनवर ट्रॅफिक बघत होते, सगळीकडे हिरव्या रेघा. आप्पांनी मावशींवर विश्वास ठेवला आणि ते बरोबरच होतं, कारण आम्हाला हवं होतं ते त्या नकाशात दाखवतच नाहीत.

गाडी शेवटी केएच. आप्पांनी आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स सगळं प्लास्टिकच्या फायलीत लावलं. मी म्हटलं, फोनमध्ये डिजिलॉकर चालतं. ते म्हणाले, चालतंय, पण कागद असू दे. आईनं चपात्या, वांग्याचं भरीत, दहीभात आणि सावंतवाडीच्या आत्यांसाठी कुंदा घेतला. पहाटे साडेपाचला शेजारच्या कन्नड काकू शाल गुंडाळून फाटकाशी उभ्या होत्या, हातात जोळद रोट्टीची, म्हणजे ज्वारीच्या भाकरीची, चळत आणि शेंगा हिंडी, म्हणजे शेंगाचटणी. "हुषारागि होगि बर्री," म्हणाल्या, जपून जाऊन या. सोमवारच्या अधिवेशनाबद्दल त्या घरातही बोलणं झालं असणार. रोट्ट्या मात्र रात्रीच भाजून ठेवल्या होत्या.

हिंडलग्याला १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. आप्पांनी गाडी न थांबवता एक हात छातीशी नेला. नेहमीच नेतात. बाची संपलं, शिनोळी आलं, पाट्यांवरची लिपी बदलली. रस्त्याकडेला एक पोलीस चहा पीत उभा होता. त्यानं आमच्याकडे बघितलंही नाही. आई म्हणाली, "झालं?" आप्पा म्हणाले, "झालं." चंदगड तालुक्याची काजूची झाडं, आंबोलीचं धुकं, मग घाट.

घाट उतरून दाणोलीच्या पुढं टायर बसला. जवळच पंक्चरचं दुकान होतं. आतून एक तरुण आला, पाटी बघितली आणि विचारलं, "टायर बदलना है क्या?" आप्पा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "मराठीच बोला की वो. बेळगावचे आम्ही."

तो हसला. "मगे आदी सांगूक नको?"

खुर्ची आणली, पाणी दिलं, आईला सावलीत बसवलं. पंक्चर काढता काढता त्याची मावशी बेळगावात शहापूरला दिलीय हे निघालं, तिच्यासाठी तो कुंदा नेतो की ती त्याच्यासाठी काजू, यावर आप्पा आणि तो बराच वेळ बोलत बसले. आप्पांना एवढं खुलून बोलताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं. जास्त पैसे तो घेईना, म्हणून शेंगा हिंडीच्या दोन रोट्ट्या त्याला दिल्या.

वेंगुर्ल्याला आम्ही चार तास होतो. आईनं पाय बुडवले, बिल्ला लागला नाही. मला सूर्यास्त हवा होता. न्यू जर्सीच्या आमच्या वाळूवरून सूर्य समुद्रातून उगवताना दिसतो, इथं बुडताना. पण आप्पांना अंधाराच्या आत घाट चढायचा होता, आंबोलीत रात्री गवे रस्त्यावर येतात. साडेचारला निघालो. मी हट्ट केला नाही.

परत येताना आप्पांनी दाणोलीला गाडी हळू केली, हॉर्न दिला, दुकानातून हात हलला. रात्री घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता ते भिंतीवरच्या कालनिर्णयाशी गेले आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर त्यांनी पेनानं गुरुवारच्या चौकटीत उतरवून घेतला. खाली लिहिलं, दाणोली, पंक्चर, आपला माणूस. मग नव्या वर्षाच्या कालनिर्णयातलं जानेवारीचं पान बघितलं आणि आईला विचारलं, पुढच्या महिन्यात कुठला दिवस मोकळा आहे.