देवाची भीती

"देवाची भीती नसेल तर माणूस जनावरच की!" एसटीत शेजारच्या काकू ठामपणे म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचा रुमाल खाली पडला. समोरच्या सीटवरच्या आईच्या मांडीवरून दीडेक वर्षाचं पोरगं घसरत उतरलं, रुमाल उचलला आणि काकूंपुढे धरला. त्याला अजून देव्हाऱ्यापुढे हातसुद्धा धड जोडता येत नसतील.

2006 साली वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी हेच तपासलं होतं. कपडे वाळत घालताना चिमटा पडल्यासारखा पाडला आणि हात पुरत नाही असं दाखवलं, की 18 महिन्यांची मुलं तो आणून द्यायची. ना खाऊ, ना शाबासकी. मुद्दाम फेकला तर मात्र सहसा उठायची नाहीत. गरज कळत होती त्यांना! माणसांत वाढलेल्या चिंपांझींनीही अशी मदत केली.

धर्माने काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. परक्याचंही दुःख आपलं मानायला संतांनीच शिकवलं. काशीहून आणलेली कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा मला फार जवळची वाटते. पण तिथेही कळवळा आला तेव्हा अभिषेक मागे राहिला ना?

मग लेकरांना चांगलं वागायला शिकवताना आपण आधी भीतीच का घालतो?