जुना नेटबुक, हलका प्लेअर आणि क्रोशाची सुई

क्रोशामध्ये सगळं काही सुईच्या टोकाशी घडतं. दोरा सुईवर घ्यायचा, टाक्यातून ओढायचा, पुन्हा घ्यायचा, दोन-दोन फंदे सोडवायचे, की एक खांब झाला. शिकवणारीचा सरावलेला हात हे सेकंदा-दोन सेकंदांत उरकतो. माझ्या नेटबुकवर, म्हणजे छोट्या लॅपटॉपवर, तिच्या धड्याचा व्हिडिओ लावला की नेमके तेच क्षण गळायचे. सुई टाक्यात शिरताना दिसायची आणि लगेच तयार खांब समोर. मधलं काहीच नाही. आवाज मात्र सुरळीत चालू.

नेटबुक २०१० सालचा आहे. अ‍ॅटम एन४५० प्रोसेसर, १.६६ गिगाहर्ट्झ, एकच कोअर, २ जीबी रॅम, १०२४ बाय ६०० चा पडदा. वर एक हलकं लिनक्स. मांडीवर लोकरीचा गुंडा आणि बाजूला हा छोटासा पडदा, यासाठी त्याच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू माझ्याकडे नाही, म्हणून त्याला निवृत्त करायचं नव्हतं. व्हिडिओ दाखवणारा प्लेअर बदलून बघू, असं ठरवलं.

निवडला एमपीव्ही. २००० साली सुरू झालेल्या एमप्लेअरच्या वंशातला हा प्लेअर २०१३ पासून स्वतंत्रपणे वावरतो आहे. वर मेनूची पट्टी नाही, बाजूला गाण्यांची यादी नाही. खिडकीत जवळजवळ फक्त चित्र, आणि बाकीचं बहुतेक कीबोर्डवरून. आधीच्या प्लेअरपेक्षा तो चटकन उघडला, मेमरीही कमी घेतली. मग धडा लावला आणि सुई पुन्हा तशीच उड्या मारायला लागली. त्या संध्याकाळी मी फार हिरमुसले.

वाट सापडली ती 'आय' या कळीने. ती दाबली की चित्रावर आकडे उमटतात, आणि शिफ्टसह दाबली की तिथेच राहतात. त्यात गळालेल्या फ्रेमचे, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका स्थिर चित्राचे, दोन वेगळे हिशेब असतात: किती फ्रेम डीकोडरने (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाने) सोडल्या आणि किती पडद्यावर पोचताना उशीर झाला म्हणून टाकल्या. माझ्याकडे दोन्ही आकडे झपाझप वाढत होते. म्हणजे दुखणी दोन होती, आणि मी एकाच औषधाची वाट बघत बसले होते.

पडद्याचं दुखणं लवकर बरं झालं. डीकोड झालेलं चित्र पडद्याच्या रंगपद्धतीत बदलावं लागतं आणि मापात बसवावं लागतं. एमपीव्हीची नेहमीची पद्धत त्यासाठी ग्राफिक्स चिपकडून जे काम मागते, ते या चिपला झेपत नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये आउटपुट म्हणून 'एक्सव्ही' लिहिलं. ही जुनी एक्सव्हिडिओची पद्धत, एमपीव्हीत केवळ जुन्या यंत्रांसाठी ठेवलेली. डेस्कटॉपच्या सावल्या आणि पारदर्शक खिडक्याही बंद केल्या. दुसरा आकडा जवळजवळ थांबला.

पहिला मात्र हलेना. हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे उलगडण्याचं काम ग्राफिक्सकडे देणं, चालू करून पाहिलं, पण या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स व्हिडिओ दाबून साठवण्याच्या एमपीईजी-२ या पद्धतीला मदत करतं, एच.२६४ ला नाही, आणि माझे सगळे धडे एच.२६४ मध्ये. तेव्हा कुठे लख्ख कळलं की मी चुकीच्या जागी हलकेपणा शोधत होते. एमपीव्ही काय किंवा त्याच्यासारखे इतर मुक्त (ओपन सोर्स) प्लेअर काय, बहुतेकांच्या पोटात डीकोडिंगचं काम एफएफएमपेग हे एकच सॉफ्टवेअर करतं. प्लेअर कितीही सडपातळ असला तरी ते ओझं तेवढंच राहतं.

एक आडवाट होती. एच.२६४ मध्ये चित्र छोट्या चौकोनांत साठवतात, त्या चौकोनांच्या कडा गुळगुळीत करणारा एक फिल्टर असतो आणि तो वगळायला एमपीव्हीला सांगता येतं. वगळला. फ्रेम गळणं खूप कमी झालं, पण लोकरीचा पोत फुटला, फंद्यांच्या कडा एकमेकांत मिसळल्या. बोलणारा चेहरा असता तर चाललं असतं. मला फंदे मोजायचे होते. मी तो फिल्टर परत चालू केला.

मग साधा गुणाकार केला. धडे १९२० बाय १०८० चे, म्हणजे एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. माझ्या पडद्यावर त्यातले मावतात १०२४ बाय ५७६, म्हणजे ५ लाख ९० हजार. उरलेल्यांसाठी तो बिचारा प्रोसेसर फुकट राबत होता! दुसऱ्या, दमदार कॉम्प्युटरवर एफएफएमपेगने सगळे धडे त्या मापात करून घेतले. करताना एक्स२६४ या एन्कोडरची (एच.२६४ व्हिडिओ तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरची) 'फास्टडीकोड' ही ठेवण निवडली. तिच्यात तो कडा गुळगुळीत करणारा फिल्टर मुळातच वापरलेला नसतो आणि आकडे दाबून बसवण्याची कॅबॅक नावाची जड पद्धतही टाळलेली असते. फाइल थोडी मोठी होते, डीकोड करणं खूप सोपं होतं. इथे फिल्टर नसूनही चित्र फुटलं नाही, कारण एन्कोडरला ते आधीच ठाऊक असतं आणि मी दर्जाही चढाच ठेवला होता. दोन कीफ्रेममधलं, म्हणजे स्वतःपुरत्या पूर्ण साठवलेल्या फ्रेममधलं, जास्तीत जास्त अंतर २५० वरून २५ फ्रेमवर आणलं, त्याचा फायदा पुढे कळला.

आता आकडा शून्यावर. धडाभर शून्य. मी विणायचं सोडून त्याच्याकडेच बघत होते.

आणि खरं सांगायचं तर एमपीव्हीवर माझा जीव जडला तो यानंतर. चौकटी कंसाची डावी कळ दाबली की वेग सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो, आवाजाची पट्टी तीच राहते. 'एल' एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी दाबलं की तेवढाच तुकडा फिरत राहतो, दोन्ही हात लोकरीला मोकळे. पूर्णविरामाने एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाने एक मागे. मागे जाताना प्लेअरला आधीच्या कीफ्रेमपासून सगळं पुन्हा डीकोड करावं लागतं. मूळ फाइलमध्ये त्यात कितीतरी सेकंद जायचे, नव्या फाइलमध्ये ते लगेच होतं.

धड्यांना मी माझी टिपणंही सबटायटल म्हणून जोडली: 'इथे ३ साखळ्या', 'पुढचा टाका सोडा'. जोडाक्षरं नीट उमटली, वेलांट्या जागच्या जागी. एका जुन्या प्लेअरमध्ये अक्षरांचे तुकडे पडायचे, त्यामुळे याचं मला फार सुख वाटलं.

माझे उठावाचे खांब कधी उठूनच दिसत नव्हते, सपाट व्हायचे. तो तुकडा एकेक फ्रेम करत बघितला. बाईंची सुई टाक्याच्या वरच्या फंद्यांत जातच नाही. ती खालच्या ओळीतल्या खांबाच्या मागून, त्याला वळसा घालून पुढे येते. पूर्ण वेगात ते चार-पाच फ्रेमचं काम आहे. मी पूर्ण ओळ उसवली आणि पुन्हा विणायला घेतली.