टिटवीची नोंदवही: हातातला व्हीएचएफ, मार्च ते सप्टेंबर

मंडळी, या मोसमात नवी कायाक नाही, नवं वल्हं नाही, फक्त व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रावर होड्या, जहाजं आणि तटरक्षक एकमेकांशी बोलतात तो बिनतारी सेट, नीट शिकायचा असं हिवाळ्यातच ठरवलं होतं. तीन वर्षं सोलंटमध्ये वल्हवतोय. इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आइल ऑफ वाइट यांच्यामधली ही सामुद्रधुनी. एका अंगाला साउदॅम्प्टनकडे जाणारी कंटेनर जहाजं, दुसऱ्या अंगाला पोर्ट्समथचं आरमार, आणि मधे आमच्यासारख्या अरुंद होड्या. इतके दिवस सेट बरोबर असायचा, पण कशासाठी असायचा हे मला नीट सांगता आलं नसतं. कायाकचं नाव 'टिटवी'. टिटवी देखील समुद्र आटवते ही म्हण आजीच्या तोंडी असायची, आणि संकट दिसलं की पहिली ओरडते तीही टिटवीच. नाव ठेवताना दोन्ही गोष्टी मनात होत्या.

मार्च, दुसरा रविवार

आधी कागदपत्रं. इथे दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. सेटचं लायसन्स ऑफकॉम, म्हणजे इथली दूरसंचार नियामक संस्था, देतं. हातातल्या सेटसाठी ते ऑनलाइन आणि फुकट मिळतं. सेटमध्ये डीएससी (बटण दाबताच संकटाचा संदेश आपोआप पाठवणारी सोय) असेल तर त्याचा नऊ आकडी ओळख क्रमांक, एमएमएसआय, तोही त्यातच येतो. दुसरं म्हणजे चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, एसआरसी. एक दिवसाचा कोर्स आणि शेवटी परीक्षा. ज्याच्याकडे ते नाही त्याने प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखालीच बोलायचं. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र कोणीही, कोणत्याही सेटवरून मदत मागू शकतो.

परीक्षा पास झालो. पण खरं सांगायचं तर वर्गातल्या उबदार खुर्चीत बसून मेडे, म्हणजे जीव धोक्यात असतानाची हाक, म्हणणं सोपं आहे.

माझा सेट ६ वॅटचा, पाण्यावर तरंगणारा, आत जीपीएस आणि डीएससी असलेला. लाल बटण एका झाकणाखाली आहे. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरलं की चॅनल ७० वरून एमएमएसआय, जागा आणि वेळ आपोआप निघून जाते. चॅनल ७० वर कोणी बोलत नाही, ते फक्त यंत्रांचं. उत्तर येईपर्यंत साधारण दर चार मिनिटांनी सेट स्वतःच पुन्हा पाठवत राहतो. बोलणं चालतं ते चॅनल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर.

एप्रिल, पहिला शनिवार

हिल हेडच्या किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, जोडीदारीण शेजारी उभी. मुद्दाम कायाक उलटवली. इथे वसंतात पाणी हाडं गोठवणारं असतं. पहिलं मिनिट-दीड मिनिट श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, छाती भात्यासारखी हलत असते. या अवस्थेत रेडिओ हातात घेऊन दाखवायचा, एवढीच परीक्षा होती.

सेट मागच्या कप्प्यात, वॉटरप्रूफ पिशवीत होता. तीन वर्षं तिथेच असायचा. पाण्यात पडल्यावर माझा एक हात कायाकला, एक हात वल्ह्याला, आणि कप्प्याचं झाकण उघडायला तिसरा हात नाही. वारा असता तर कायाक सोडून पिशवी शोधावी लागली असती, आणि सोडलेली रिकामी कायाक वाऱ्यावर पोहणाऱ्या माणसापेक्षा वेगाने पळते. किनाऱ्यावर आल्यावर बराच वेळ नुसता बसून होतो. तीन वर्षं मी रेडिओ कायाकबरोबर नेत होतो, माझ्याबरोबर नाही.

त्याच दिवसापासून सेट जाकिटाच्या छातीवरच्या खिशात, अँटेना वर, आणि दोरीने जाकिटाला बांधलेला. सेट तरंगतो म्हणून दोरी नको असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तरंगणारा सेट प्रवाहाबरोबर तरंगत निघून जातो. दोरी मात्र एवढीच लांब ठेवा की सेट तोंडापर्यंत येईल आणि गळ्याभोवती फास बसणार नाही.

दुसरी शिकवण हातमोज्यांची. जाड निओप्रिनच्या मोज्यांत लाल बटणाचं झाकण उचलता येत नव्हतं. सेट बंद ठेवून घरी पंधरा-वीस वेळा सराव केला, तेव्हा अंगठ्याच्या कडेने उचलायची पद्धत सापडली. सराव सेट बंद ठेवूनच करा. चुकून संदेश गेलाच तर घाबरून सेट बंद करून बसू नका. सेटवर तो रद्द करा आणि १६ वर नाव, एमएमएसआय आणि जागा सांगून संदेश चुकून गेल्याचं कळवा. तटरक्षकांना खोटा इशारा लवकर कळणं फार महत्त्वाचं असतं, नाहीतर लाइफबोट निघते.

मे

पल्ल्याची चाचणी. सहा वॅट म्हणजे लांब पोचणार अशी समजूत असते. व्हीएचएफ मात्र साधारण नजरेच्या रेषेत जातो, म्हणून अँटेनाची उंची वॅटपेक्षा जास्त काम करते. हिशेब सोपा आहे: अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, सव्वादोनने गुणा, म्हणजे सागरी मैलांत क्षितिज मिळतं. दोन्ही टोकांचे आकडे मिळवा. कायाकमध्ये बसून सेट तोंडाशी धरला की अँटेना पाण्यापासून जेमतेम एक मीटर, म्हणजे सव्वादोन मैल. समोरही कायाक असेल तर सगळे मिळून साडेचार. तेच समोर डोंगरावर शंभर मीटर उंचीची अँटेना असेल तर तिचे साडेबावीस आणि माझे सव्वादोन, जवळजवळ पंचवीस मैल. म्हणजे शेजारच्या कायाकपेक्षा दूरचा तटरक्षक मला चांगला ऐकू शकतो. आणि पाण्यात पडलो तर अँटेना वीतभर वर, माझ्या बाजूचा आकडा एका मैलावर येतो.

जोडीदारीण आणि मी चॅनल ७२ वर, एकमेकांपासून दूर जात बोलत गेलो. (ही चॅनल जहाज-ते-जहाज बोलण्यासाठीच आहे. चाचणीसाठी १६ अडवू नका.) दोन मैलांवर १ वॅटवर स्वच्छ आवाज. तीन मैलांच्या पुढे ६ वॅट लावूनही लाटेच्या खळग्यात गेलं की शब्द तुटायचे, माथ्यावर आलं की जोडले जायचे. मग मी तिच्याकडे पाठ केली आणि आवाजात खरखर भरली, कारण मधे माझंच शरीर होतं. सेट आडवा धरला तरी तेच. अँटेना उभी, तोंड ज्या दिशेला बोलायचं तिकडे, आणि लाटेच्या माथ्यावर बटण दाबायचं. या तीन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा वॅट वाढवून पडला नाही.

बटण दाबल्यावर एक क्षण थांबून मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तोंडापासून चार बोटं अंतर, वाऱ्याला पाठ किंवा हाताचा आडोसा. ओरडलं की आवाज फाटतो. स्क्वेल्च, म्हणजे खरखर गाळणारं बटण, खरखर थांबेल इतपतच, त्याहून पुढे फिरवला तर दुबळे आवाज गाळले जातात, आणि संकटातल्या माणसाचा आवाज बहुधा दुबळाच असतो.

बॅटरीबद्दल थोडं. खोक्यावर लिहिलेले तास साधारणपणे ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के नुसतं थांबणं असं धरून काढलेले असतात. थंडीत ते आणखी कमी. मी जवळच्या बोलण्याला १ वॅट वापरतो आणि ६ वॅट राखून ठेवतो. पण सेट निघतानाच चालू करतो, पाण्यात पडल्यावर नाही, कारण जीपीएसला जागा सापडायला वेळ लागतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, चार्जिंगच्या पट्ट्या पुसून मगच चार्जरवर.

जून

या महिन्यात बोललो फार कमी आणि ऐकलं खूप. ज्यांना सेट घ्यायचाय त्यांना मी हेच सांगेन: पहिले काही आठवडे बटणाला हातच लावू नका.

ड्युअल वॉचवर, म्हणजे दोन चॅनल आलटून पालटून ऐकायच्या सोयीवर, १६ आणि १२. बारावर साउदॅम्प्टन व्हीटीएस, म्हणजे बंदराकडे जाणाऱ्या जहाजांचा नियंत्रण कक्ष. आधी नुसती नावं कानावरून जायची. हळूहळू नकाशा डोळ्यांसमोर उभा राहू लागला. मोठं जहाज पूर्वेकडून नॅब टॉवरपाशी येतं, राइड मागे टाकून काउझसमोर येतं, वेस्ट ब्रॅम्बल बोयाजवळ वळून थॉर्न चॅनलमध्ये शिरतं. नॅबचं नाव ऐकलं की मी घड्याळ बघतो: तासाभराने ते काउझसमोर असेल. १५० मीटरहून लांब जहाजांच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर इतका पट्टा इथे मोकळा सोडावा लागतो. कायाकमधून जहाज दिसल्यावर तो सोडायला वेळ पुरेलच असं नाही. ऐकल्यावर पुरतो. त्या जहाजाशी मी एक शब्दही बोललेलो नाही, आणि रेडिओचा मला आजवर सर्वांत मोठा उपयोग तोच झालाय.

जुलै, तिसरा रविवार

१६ वर पॅन-पॅन, म्हणजे मेडेच्या खालची, तातडीची हाक. एका मोटरबोटीचं इंजिन बंद पडलेलं, ओहोटी तिला ओढतेय. माणसाचा आवाज शांत होता. त्याने आधी जागा सांगितली, मग काय झालं ते, मग बोटीवर किती जण. तटरक्षकांनी एवढंच परत विचारलं की सगळ्यांनी जाकिटं घातली आहेत का. तेवढ्यात दुसरं कोणीतरी त्याच चॅनलवर रेडिओ चेक (माझा आवाज नीट येतोय का, ही विचारणा) मागू लागलं, आणि त्या बोटीचं उत्तर पूर्ण पुसलं गेलं. हा रेडिओ एफएमवर चालतो, आणि एफएममध्ये असंच होतं: दोन आवाज मिसळत नाहीत, जोरकस आवाज दुबळ्याला गिळतो. त्या माणसाला पुन्हा सगळं सांगावं लागलं. जवळच्या एका यॉटने त्याला ओढून नेलं.

मला त्या दुसऱ्या आवाजाचा मनापासून राग आला. रेडिओ चेकसाठी इथे चॅनल ६५ आहे. त्यावर नॅशनल कोस्टवॉच (एनसीआय) या किनारा-टेहळणी संस्थेचे स्वयंसेवक बसलेले असतात. कॉर्नवॉलच्या बास पॉइंटला, बंद केलेल्या टेहळणी चौकीच्या जवळच मच्छीमार बुडाले, त्यानंतर १९९४ मध्ये ही संस्था उभी राहिली. आज किनारभर त्यांच्या चौक्या आहेत, आणि रेडिओ चेकला ते आनंदाने उत्तर देतात. बटण दाबायच्या आधी ऐका, एवढंच.

ऑगस्ट

लेक सुट्टीत दोघांच्या कायाकमध्ये पुढे बसते. मी पाण्यात गेलो तर हाक तिला मारावी लागेल, म्हणून ती शिकतेय. स्वयंपाकघरात, सेट बंद, हातात कार्ड. कार्ड मी देवनागरीत लिहिलंय, कारण थंडीत माझे डोळे तेच आधी वाचतात:

मेडे, मेडे, मेडे. धिस इज कायाक टिटवी, टिटवी, टिटवी. मग एमएमएसआय. मेडे टिटवी. जागा. काय झालं. कोणती मदत हवी. किती माणसं. ओव्हर.

शेवटी 'ओव्हर' म्हणजे आता तू बोल, 'आउट' म्हणजे माझं संपलं. दोन्ही एकदम म्हणायचे नाहीत.

टिटवी हे नाव इंग्रजी कानांना लागत नाही. पहिल्यांदा समोरच्याने 'टीव्ही' ऐकलं. म्हणून स्पेलिंग पाठ: टँगो, इंडिया, टँगो, व्हिक्टर, इंडिया. आकडे एकेक करून, फिफ्टी नाही, 'फाइव्ह झीरो', कारण खरखरीत फिफ्टी आणि फिफ्टीन सारखेच वाटतात.

जागा सांगताना मी म्हणालो, पन्नास अंश अठ्ठेचाळीस मिनिटं नॉर्थ, एक अंश चौदा मिनिटं ईस्ट. लेकीने कार्ड खाली ठेवलं. "बाबा, ईस्ट नाही, वेस्ट! आपण ग्रीनिचच्या अलीकडे आहोत." शाळेपासून भारताचे रेखांश पूर्वच म्हणत आलोय, जीभ तिकडेच वळते. नकाशावर मोजलं: त्या एका शब्दाने मी नव्वदहून जास्त सागरी मैल सरकलो, थेट डंजनेसच्या पलीकडे. आता कार्डावर 'वेस्ट' लाल शाईत आहे. शिवाय आकड्यांच्या आधी ओळखीची खूण सांगतो, "हिल हेडपासून एक मैल दक्षिणेला" अशी. आकडा चुकला तर खूण सांभाळून घेते.

गावाहून मामाने विचारलं की येताना एक सेट आण. नाही आणणार. भारतात असा सेट बाळगायला दळणवळण खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना लागतो, इथलं लायसन्स तिथे चालत नाही. मामाला एवढंच सांगितलं की १६ तिथेही १६ च आहे, आणि फोनला रेंज असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक लक्षात ठेव.

सप्टेंबर, पहिला शनिवार

राहिलेली परीक्षा. पाणी आता बरंच उबदार. हिल हेडसमोर, जोडीदारीण तिच्या कायाकमध्ये शेजारी, मी पाण्यात, टिटवी उलटी. एका हाताने कायाकची दोरी, दुसऱ्याने छातीवरचा सेट ओढला, डोक्याच्या वर उभा धरून चॅनल ६५ आधी ऐकला. शांत. लाटेच्या माथ्यावर येईपर्यंत थांबलो आणि गॉस्पोर्ट कोस्टवॉचला रेडिओ चेक मागितला. आपण सरावासाठी मुद्दाम पाण्यात आहोत, कोणतीही अडचण नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं.

उत्तर नाही. स्पीकरच्या जाळीत पाणी साचलेलं. सेट उलटा धरून झटकला, पुन्हा बोललो.

"टिटवी, गॉस्पोर्ट एनसीआय. वीक बट रीडेबल. ओव्हर." म्हणजे आवाज दुबळा, पण कळतोय.

उलटल्यापासून उत्तर येईपर्यंत जोडीदारिणीच्या घड्याळात ५० सेकंद. एप्रिलमध्ये तेवढ्या वेळात माझा हात कप्प्याच्या झाकणापर्यंतही पोचला नव्हता. ऑक्टोबरात हेच सगळं जाड मोजे घालून करणार आहे.