रोज किती राउंड मारायचे?

जूनमध्ये शाळा सुरू होते, धावण्याच्या टीमची नावं फळ्यावर लागतात आणि पालक गेटवर गाठतातच. "सर, रोज किती राउंड मारायला लावता?" पाठोपाठ दुसरा प्रश्न, जरा दबक्या आवाजात: "आणि आमच्याकडून काय अपेक्षा आहे?" तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकदाच सविस्तर देतो.

पहिल्याचं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. बारा-तेरा वर्षांच्या नव्या मुलाला आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी २० ते २५ मिनिटं धावणं, बस. पंधरा-सोळाच्या, दोन वर्षं सराव झालेल्या मुलाला चार, फार तर पाच दिवस. त्यातले वेगाचे दोनच, तेही लागोपाठ कधीच नाहीत. बाकीचं धावणं इतकं सावकाश असतं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकेका शब्दाला धाप लागत असेल तर तो वेग त्या दिवसासाठी चुकीचा.

इथेच पहिली खोटी गोष्ट घडते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याच्या आतून एक फेरी साधारण १.१७ किलोमीटर भरते. १५०० मीटर ५ मिनिटांत धावणाऱ्या मुलाला सावकाश दिवशी ती फेरी सात-साडेसात मिनिटांत यायला हवी. तो साडेपाचमध्ये आणतो, कारण पुढे टीममधला दुसरा कोणीतरी दिसतो. मग गुरुवारी खऱ्या वेगाच्या दिवशी पाय शिशाचे होतात. ४०० मीटर पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, प्रत्येक ८० सेकंदांत, असा सराव दिला तर पहिली ७२ला येते आणि पाचवी ९२ला. असा सराव वाया गेला म्हणून समजा. शर्यतीचा वेग पायांना शिकवायचा होता, आणि पाय शिकले ते सुरुवातीला उधळून शेवटी कोलमडायला. पाचही फेऱ्या ७९ ते ८१मध्ये आणणारा मुलगा आम्हाला जास्त आवडतो, मग एका फेरीला त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ का लागत असेना.

वेळेचं बोलू. सहाचा सराव म्हणजे सहाला बुटाच्या नाड्या बांधून, नैसर्गिक विधी उरकून, उभं असणं. उशिरा आलेल्याला आम्ही घरी पाठवत नाही, पण त्या दिवशी त्याला वेगाचं काही देत नाही. ही शिक्षा नाही. वॉर्म-अपला २० मिनिटं लागतात: आठ-दहा मिनिटं सावकाश जॉगिंग, मग हाय नीज (गुडघे उंच उचलत), बट किक्स (टाचा मागे वर मारत), ए-स्किप (गुडघा उचलत उड्या), पाय पुढे-मागे झुलवणं, आणि शेवटी ६०-८० मीटरच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे लांब पावलांच्या धावा, दर वेळी वेग थोडा वाढवत. हे गाळून थेट २०० मीटर मारलं तर मांडीमागचा स्नायू खेचला जातो आणि तीन आठवडे जातात. पाय ताणून धरायचं स्ट्रेचिंग सरावानंतर, आधी नाही. लोकल उशिरा धावली हे कारण मुंबईत खरं असू शकतं, ते आम्ही मान्य करतो. मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद) मात्र बहुधा रविवारीच असतो, हे मुलांनाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

मुंबईतली अडचण जागेची. शाळेचं अंगण ५०-६० मीटर, पुढे भिंत. पूर्ण वेगातल्या मुलाला थांबायला १५-२० मीटर लागतात, म्हणून अंगणात ३०-३५ मीटरच्या पुढे स्प्रिंट देत नाही. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटवर रोज धावलं की नडग्या बोलू लागतात. आठवड्यातून निदान दोनदा माती हवी. चौपाटीवर धावायचं तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर, आणि जितकं गेलात तितकंच परत. किनारा उतरता असतो: जाताना एक पाय उताराकडे असतो, येताना दुसरा. एकाच दिशेने धावून बसने परतलात तर एका घोट्यावरच सगळा भार पडतो. शिवाजी पार्कात सकाळी चालायला येणारे आजी-आजोबा असतात. तिघांनी रांगेत आडवं धावायचं नाही, मागून येताना "आजोबा, डावीकडून" असं आधी सांगायचं, आणि क्रिकेटच्या पिचवरून तर चुकूनही जायचं नाही. शाळेचा टी-शर्ट अंगावर असतो. तक्रार शाळेच्या नावानेच येते.

पावसाळ्यात सराव बंद नसतो, बदलतो. गडगडाट ऐकू आला की मैदान लगेच सोडायचं, झाडाखाली उभं राहायचं नाही. मग जिन्यांवर: धावत वर, चालत खाली. धावत खाली उतरू देत नाही, ओल्या पायरीवर घोटा मुरगळतो. साचलेल्या पाण्यातून धावायचं नाही, पायावर जखम असेल तर अजिबात नाही. लेप्टोची, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती मुंबईत खरी आहे. चुकून जावं लागलंच तर पाय साबणाने धुवा, डॉक्टरांना विचारा आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर पाण्यातून गेल्याचं त्यांना आवर्जून सांगा. ओले बूट उन्हाची वाट बघत खिडकीत ठेवू नका. आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, सकाळपर्यंत वाळतात. आणि थंडीत हवा खराब होते तेव्हा, एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) २००च्या वर गेला की वेगाचा सराव आम्ही पुढे ढकलतो.

दुखण्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण मुलं सगळ्यात जास्त खोटं इथेच बोलतात. टीममधून काढतील या भीतीने लंगडणंसुद्धा लपवतात. नियम असा: दोन्ही मांड्या किंवा दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील आणि वॉर्म-अपनंतर दुखणं विरघळत असेल, तर ते सरावाचं दुखणं, चालेल. एकाच पायात, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, हाडावर दुखत असेल आणि धावताना वाढत असेल, तर त्याच क्षणी थांबायचं आणि त्याच दिवशी सांगायचं. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा आणि टाचेचा मागचा भाग या जागा नाजूक असतात. तिथे स्नायूचं टोक अजून पक्कं न झालेल्या हाडाला ओढत असतं, आणि उंची झपाट्याने वाढते त्या काळात ते जास्त दुखतं. धावणं कमी करून बहुतेकांचं बरं होतं. नडगीवरचं बोटाएवढ्या जागेतलं दुखणं दाबून नेलं तर हाडाला बारीक तडा जातो आणि सहा-आठ आठवडे घरी बसावं लागतं. दुखणं सांगितलं म्हणून कोणाचं नाव कापलं जात नाही. गोळी खाऊन सरावाला आल्याचं कळलं तर मात्र डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत मैदान बंद. तापातही हेच: अंगात ताप असताना धावणं हृदयाला धोक्याचं असतं. तीन दिवस ताप आला असेल तर तो गेल्यावर निदान तीन दिवस विश्रांती आणि मग सावकाश सुरुवात. डेंग्यू, मलेरिया झाला असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच.

मुलींच्या पाळीबद्दल पालक कुजबुजतात, म्हणून स्पष्टच सांगतो. पाळीत धावायला हरकत नाही. त्रास होत असेल तर बाईंना "आज हळू" एवढंच सांगायचं, कारण विचारलं जात नाही. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जायचं, त्याला 'खेळाडूंचं असं होतंच' म्हणून सोडायचं नाही. बहुतेक वेळा खाणं कमी पडत असतं. विनाकारण दम लागतोय, टायमिंग उतरतंय, तर हिमोग्लोबिन तपासा. बारा वर्षांपुढच्या मुलीचं १२च्या खाली असलं तर तो रक्तक्षय. पालेभाजी, बाजरी, गूळ-शेंगदाणे, चालत असेल तर अंडं-मटण, वर लिंबू पिळून. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही.

सरावाआधी अर्धा-पाऊण तास एक केळं किंवा दोन खजूर. पोटभर पोहे, इडली हे दोन-तीन तास आधी. वडापावावर आमचा राग नाही, शर्यतीनंतर खुशाल खा. आधी खाल्ला तर तेल पोटात बसून राहतं आणि शेवटच्या २०० मीटरला वर येतं. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चनंतर इथला घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. दर १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट पाणी. तासाच्या वर सराव असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने नाही. एखादं मूल असंबद्ध बोलू लागलं, अडखळू लागलं तर सावलीत न्यायचं, आधी डोकं-मान-काखेत गार पाणी ओतत राहायचं, आणि दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवायचा. गाडीची वाट पाहत नुसतं वारा घालत बसणं ही नेहमीची चूक.

स्पर्धेचे नियम मुलांना पाठ असतात असं वाटतं, नसतात. कॉल, म्हणजे आपल्या शर्यतीची हाक, लागला की नोंद करायला जायचं; शेवटचा कॉल चुकला तर तुम्ही कितीही वेगवान असा, नाव बाद. ४०० मीटरपर्यंत 'ऑन युअर मार्क्स', 'सेट' आणि मग बार. ८०० आणि पुढे 'सेट' नसतंच, आणि हात जमिनीला लागलेला चालत नाही. निम्मी नवी मुलं 'सेट'ची वाट बघत उभी राहतात. चुकीच्या सुरुवातीला २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमात पहिल्याच चुकीला बाद करतात. लहान गटात पंच कधी समज देऊन सोडतात, त्यावर विसंबू नये. वळणावर आतल्या लेनमध्ये घुसलात तर पहिला नंबरही जातो.

रिलेत भांडणं सगळ्यात जास्त, कारण प्रत्येकाला शेवटचा टप्पा हवा असतो. ४×१०० मध्ये पहिला धावणारा बॅटन (एकमेकांना द्यायची नळी) उजव्या हातात धरतो, दुसरा डाव्या हातात घेतो, तिसरा उजव्या, चौथा डाव्या. म्हणजे वळणावर धावणारे दोघे लेनच्या आतल्या बाजूला राहतात. बदल ३० मीटरच्या पट्ट्यातच व्हायला हवा, आणि मोजतात ती बॅटनची जागा, पायांची नाही. घेणाऱ्याने मागे २०-२५ पावलांवर खूण करायची, येणारा तिथे पोचला की सुटायचं आणि मान वळवायची नाही. "घे" ऐकल्यावर हात मागे. पडली तर पाडणाऱ्यानेच उचलायची. हे जमायला चार वेगवान मुलं पुरत नाहीत, चार रोज येणारी लागतात. म्हणून आमच्याकडे आठवड्याच्या चार सरावांपैकी तीनला हजर नसेल त्याला रिलेत घेत नाही, १०० मीटरमध्ये तो शाळेत पहिला असला तरी. परीक्षा, आजारपण आधी कळवलं तर ते गैरहजेरीत धरत नाही.

आता तुमच्याबद्दल. मैदानात उतरून मुलीच्या बाजूने धावत "चल, चल" ओरडू नका. ती मदत समजली जाते आणि बाद तीच होते. शर्यत संपल्यावर पाण्याची बाटली द्या, टायमिंग दुसऱ्या दिवशी विचारा. रात्रीची झोप तुमच्या हातात आहे: तेरा वर्षांपुढे आठ ते दहा तास, म्हणजे साडेपाचला उठायचं तर साडेनऊला दिवे बंद. जन्माचा दाखला खरा द्या. वय चोरून १४ वर्षांखालच्या गटात पदक मिळतं, आणि मग १७ च्या गटात तेच मूल मागे पडतं, कारण तोपर्यंत त्याची वाढ होऊन गेलेली असते. आणि आमच्यावरही नजर ठेवा. कोणताही कोच मुलाला एकट्याला भेटायला बोलवत असेल, पालक नसलेल्या चॅटवर मेसेज करत असेल, बंद खोलीत मालिश करत असेल, तर पदकाचा विचार न करता मुख्याध्यापकांकडे जा, नाहीतर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

एक सवय मात्र मुलांकडून आम्ही हट्टाने करून घेतो: आपली शर्यत झाली म्हणून कोणी बॅग उचलत नाही. आपल्या शाळेचं शेवटचं मूल रेषेवर येईपर्यंत सगळे थांबतात. १५०० ला शेवटून दुसऱ्या आलेल्या मुलाला "काय रे कासवा" म्हणणारा पुढच्या सरावाला मैदानावरचे प्लॅस्टिकचे शंकू मांडतो आणि गोळा करतो.

पहिल्या दिवशी काय आणायचं तेही विचारता. पाण्याची लिटरची बाटली, लहान टॉवेल, सुके मोजे, सुती नसलेला टी-शर्ट (सुती भिजून जड होतो), नखं कापलेली. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. 'पुढच्या वर्षी होतील' म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, टाच आत सरकते आणि फोड येतात. महागातले, तळात कार्बनची पट्टी असलेले नकोत. स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट) आत्ता नकोत. मरीन लाइन्सच्या विद्यापीठ मैदानावर किंवा प्रियदर्शिनी पार्कच्या सिंथेटिक ट्रॅकवर उतरायची वेळ आली की बघू.